माणिकअण्णांचं वेबिल

चार माणसं एका जागी जमलेली दिसली की माणिकअण्णा आधी ती मोजत आणि मग रामराम घालत. लग्न असो, बारसं असो नाहीतर कुणाची माती असो, त्यांची तर्जनी कमरेपाशी हळूहळू हलायला लागायची आणि ओठ पुटपुटायला लागायचे. स्वतःच्या लेकीच्या लग्नात अक्षता वाटून झाल्या होत्या, मंगलाष्टकं सुरू होणार तेवढ्यात अण्णा मांडवाच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "थांबा. वऱ्हाडाच्या गाडीत बावन बसले हुते. उतरले एक्कावन." लोक चिडले, मुहूर्त टळायला लागला. शेवटी कुणीतरी जाऊन गाडी बघितली, तर मागच्या सीटवर नवरदेवाचा मामा तोंडावर टॉवेल टाकून गाढ झोपलेला.

अण्णा खटकचिंचोळीचे. बसवर कंडक्टर होते. प्रत्येक टप्प्यावर किती चढले, किती उतरले, किती बसलेले आणि किती उभे, हे कंडक्टर ज्या कागदावर लिहितो त्याला वेबिल म्हणतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, शेतात राबतात, निदान पारावर बसतात. अण्णांना मोजायला काही उरलं नव्हतं, हा त्यांचा खरा आजार होता.

मी बीदरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मैलूरला राहते. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी घराजवळच्या तळ्याच्या बंधाऱ्यावर दुर्बीण लावून मी बदकांचा थवा मोजत होते. वहीत आकडा लिहिला आणि मागून आवाज आला.

"बाई, चुकलाव तुमी. तीन कमी लिवलाव."

वळून बघितलं तर खाकी शर्ट, धोतर, गळ्यात दोरीला शिट्टी, हातात दूध आणायची किटली. लेकीकडे आले होते म्हणे. दुर्बीण नाही, चष्मासुद्धा नाही. मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं, "तुम्ही कसे मोजलेत?"

"हालणाऱ्या गाडीत, जत्रेच्या दिवशी, मागच्या दारापासून पुढच्या दारापस्तोर डोकी मोजल्यालो हाय. हे तर बसूनच हायत बिचारे."

घरी येऊन मी थव्याचा काढलेला फोटो मोठा करून एकेक डोकं मोजलं. माझ्या आकड्यात तीन कमी होते. माझ्याकडे डॉक्टरेट आहे, हे मी त्या दिवशी स्वतःला दोन-तीनदा सांगितलं. मग लेकीचा पत्ता काढून अण्णांना भेटायला गेले.

दर हिवाळ्यात वनखात्यासाठी पाणपक्ष्यांची मोजणी होते. आमच्या कॉलेजकडे कलबुर्गी जिल्ह्याच्या हद्दीतल्या डोंगरातली तीन तळी असतात. गावकरी त्यांना वरचं, मधलं आणि खालचं एवढंच म्हणतात. पाच विद्यार्थिनी आणि मी अशा सहा जणी गफूरभाईंच्या जीपमधून जायचो. त्या वर्षीपासून अण्णाही यायला लागले. निघताना ते पाठीमागच्या दाराशी उभे राहून मोजत. "सहा. रैट." मग दोन शिट्ट्या.

"अण्णा, मेरेकू गिनते नै क्या?" गफूरभाई दरवर्षी विचारायचे.

"तू गाडीतच धरलायास. डायवर आन कंडक्टर मोजायचे नसत्यात. तेनी हायतच."

जीपमध्ये बसायला जागा असायची, तरी बीदर सुटेपर्यंत अण्णा मागच्या पायरीवर दांडा धरून उभेच राहत. पोलीस दिसला की आत येत. बसून मोजलं की आकडा चुकतो, असं त्यांचं मत होतं.

तळ्यावर त्यांची पद्धत बघून पहिल्या वर्षी मी कपाळाला हात लावला. खात्याचा छापील फॉर्म त्यांनी बाजूला ठेवला आणि वहीत वेबिल आखलं. पाण्यावर तरंगणारी बदकं म्हणजे 'बसलेले'. बगळे, करकोचे, शेकाटे म्हणजे 'उभे'. पाणकावळा त्यांना मुळीच आवडायचा नाही. "चेकिंगला आलं की बुडी मारतंय, गेलं की वर. फुकट्याची जात." उडून आलेला 'चढला', उडून गेलेला 'उतरला'. मोजणी पूर्ण झाली की सवयीने दोन शिट्ट्या मारायचे, आणि तळ्यावरचे यच्चयावत पक्षी एका झटक्यात आकाशात जायचे.

"अण्णा! दुसऱ्यांदा मोजायचे होते ना!"

"कामून? एकदा वेबिल बंद झालं की झालं."

त्याच वर्षी टिबुकलीची पिल्लं त्यांनी हाफ तिकिटात धरली. आमचा आकडा झाला चारशे बारा आणि अर्धा. मी न बघता सही केली, ही माझी चूक. चार दिवसांनी वनखात्याच्या कचेरीतून क्लार्कचा फोन आला. "मॅडम, हा अर्धा पक्षी कुठला? वरचा अर्धा की खालचा?" मी कारण सांगितलं. तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "मग बारा वर्षांखालचा पुरावा जोडलात का?" तोही कधीकाळी बसने शाळेत जात असणार.

हळूहळू मला त्या पद्धतीची सवय झाली, आणि खरं सांगायचं तर गोडीही लागली. माझं मूळ गाव चिंताकी. बाबा मास्तर होते. अण्णांची आणि त्यांची फोनवर ओळख झाली, तेव्हा "जयभीम गुरुजी" झाल्याबरोबर अण्णांनी विचारलं, "शाळंत पट किती हुता?" बाबांना एवढा जिव्हाळ्याचा प्रश्न निवृत्तीनंतर कुणी विचारला नव्हता. दोघं तासभर हजेरीवर बोलत बसले.

आता त्या दिवसाचं सांगते, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले.

वरच्या तळ्याच्या काठाला एक चपटा खडक आहे. त्याच्यावर दरवर्षी चक्रवाकांची एक जोडी असायची. भगव्या-बदामी रंगाची मोठी बदकं, दूर हिमालयापलीकडून येणारी. नराच्या गळ्यात काळा गोफ असतो, मादीचं डोकं जास्त पांढुरकं. अण्णा त्या खडकाला 'दोनाची सीट' म्हणत. दोन वर्षांपूर्वीच्या मोजणीला आम्ही सकाळी पोचलो, तर खडकावर एकटी मादी. मान वर करून थांबून थांबून ओरडत होती.

मी फॉर्मवर लिहिलं, चक्रवाक एक. अण्णांनी वेबिल उघडलं आणि मिटलं.

"दोनाच्या सीटवर एकच बसलंय."

"असतो कधी कधी. नर दुसरीकडे गेला असेल. मेलाही असेल."

"मेलाय म्हणून लिवून द्या मग."

"तसं कसं लिहिता येईल?"

"मग हुडका."

फॉर्म त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत तालुक्याच्या कचेरीत द्यायचा होता. नाही दिला तर तिन्ही तळी यादीतून गळतील, असा निरोप आधीच आला होता. कचेरी दीड तासावर. हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि शोध सुरू केला.

तो शोध आठवला की मला आजही हसू आवरत नाही. पाच मुली पाच दिशांना पाठवल्या. अण्णांनी स्वतः भेटेल त्याला विचारायला सुरुवात केली, आणि विचारणं असं, की जणू कुणाचा म्हातारा घर सोडून गेलाय. मेंढ्या घेऊन आलेल्या एका माणसाला त्यांनी थांबवलं.

"मामा, एक जण हरवलाय. उंची येवडी. अंगानं भरल्याला. रंग भगवट. गळ्यात काळा गोफ."

"नाव काय?"

"नाव ठावं न्हाई. बायको हितं खडकावर बसून रडायलीय."

मेंढपाळाने खडकाकडे बघितलं, बदकाकडे बघितलं. हसेल असं मला वाटलं होतं. त्याने काठीवर हनुवटी टेकवून विचार केला. "भांडून गेलाय का?"

"काय की. परदेशातनं आल्याली मानसं हायत. तेंची भाषा कुनाला येती?"

"मधल्या तळ्याकडं बगा. तिकडं काल असाच एक फिरायलाता. भगवा."

गेलो मधल्या तळ्याकडे. गफूरभाई खिडकीतून मान काढून मध्येच हॉर्न वाजवत होते; हॉर्न ऐकून नर परत येईल अशी त्यांची समजूत असावी. तिथे तळ्यावरच्या वॉचमनचा भगवा कोंबडा फिरत होता. वॉचमनने कन्नडमध्ये बजावलं की कोंबडा विकायचा नाही. अण्णांनी त्यालाही सगळं वर्णन सांगितलं. "बंदिल्ला अण्णा," तो म्हणाला, म्हणजे इकडे आलेला नाही. खालच्या तळ्यावर दोन बायका धुणं धूत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "बाप्याचं काय एवडं, भूक लागली की येतंय."

तीन वाजले. आम्ही पुन्हा वरच्या तळ्यावर आलो. मादी तिथेच, ओरडणं चालूच. मी अण्णांना जीपमध्ये बसायला सांगितलं. ते पायरीजवळ गेले, पण चढले नाहीत.

"अण्णा, साडेतीन वाजता निघालंच पाहिजे. तीन तळ्यांचा प्रश्न आहे. एका बदकासाठी..."

"बाई, तुमाला एक सांगतो. मग जावा."

मुली जीपमध्ये बसल्या होत्या. गफूरभाईंनी इंजिन बंद केलं.

"माझी गाडी ह्याच रस्त्यानं यायची. चढ चढून गरम व्हायची, म्हणून ह्याच तळ्यापाशी पाणी घालायला थांबायची. एकदा एक म्हातारा तोंड धुवायला उतरला. मी मोजलो. चव्वेचाळीस. येताना चव्वेचाळीस, आता चव्वेचाळीस. रैट म्हणलो. तीन टप्पे गेल्यावर एक म्हातारी उटली आन म्हणली, 'आमचं मानूस कुटं हाय?' त्यो म्हातारा मागंच राहिल्याला. मधी एक गुराखी मागच्या दारानं चढल्याला, मला दिसला न्हाई. आकडा जुळला, बाई. मानूस राहिलं."

"म्हातारी आधी का नाही बोलली?"

"मी बी तेच इचारलो. म्हणली, 'तुमी मोजून रैट म्हणलाव. म्हणलं, कंडक्टरला ठावं असंल.'"

अण्णांनी तिथंच गाडी थांबवली आणि ड्रायव्हरला वळवायला सांगितलं. त्याने नकार दिला. मग अण्णा म्हातारीला घेऊन खाली उतरले, आणि बस कंडक्टरशिवायच पुढे निघून गेली. "मेमो आला. लिवल्यालं, गाडी कंडक्टरविना पोचली. खरंच हुतं, काय बोलनार?" दोघं चालत इथपर्यंत आले. म्हातारा याच खडकावर बसला होता. त्याने ना कुणाला शिव्या दिल्या, ना रडला. त्याने एवढंच म्हटलं, की गाडी गेली तेव्हा वाटलं, माझ्यावाचून बी आकडा जुळला असंल.

"तेवडंच बोल्ला. दुसऱ्या दिवशीची गाडी येईपस्तोर तिघं हितं बसलो. करायला काई नव्हतं, म्हणून पाखरं मोजलो. तवापासून लागलंय हे." अण्णांनी शिट्टी शर्टाच्या आत टाकली. "तुमी जावा. कागद द्या. तुमचं खोटं न्हाई. मी थांबतो."

मी चिडले, विनवलं, वयाची आठवण करून दिली. सत्तरी उलटलेला माणूस डोंगरात एका बदकासाठी मुक्काम करणार! त्यांनी पाठीमागचं दार लावलं आणि तर्जनी हलवली.

"सहा. रैट."

शिट्टी मात्र वाजवली नाही. खडकावरच्या मादीला त्रास व्हायला नको म्हणून.

वाटेत मी त्यांच्या बायकोला, कस्तुराआक्कांना फोन केला. मला वाटलं घाबरतील. त्या म्हणाल्या, "राहू द्या वो. लगीन झाल्यावर पैल्या फेरीला मला भालकीच्या स्टँडवर इसरून गेलते. इचारलं तर म्हणले, घरच्याला कुठं मोजायचं असतंय." फॉर्म मी पाचला दहा मिनिटं कमी असताना दिला. चक्रवाक, एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनच्या मोबाइलवरून अण्णांचा फोन आला. "बाई, दोनाची सीट भरली. एकाचं दोन करा."

"आला? नर आला?"

"दोन हायत. लिवा. वेबिलात खोटं लिवत न्हाई मी, तुमाला ठावं हाय."

मला ते ठाऊक होतं. मी रजा टाकली आणि पुन्हा त्या कचेरीत गेले. तोच क्लार्क. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आधी अर्धा होता. आता एक जास्त. मॅडम, तुमची पाखरं थोडी तरी स्थिर करा." पण त्याने एकावर काट मारली, दोन लिहिलं, मी शेजारी सही केली. परतताना मला उगीचच फार बरं वाटत होतं. मी रस्त्यात थांबून मुलींना फोन करून सांगितलं, जोडी पूर्ण आहे म्हणून. फोनवर पाचही जणी ओरडल्या.

पुढच्या हिवाळ्याची मोजणी अण्णांच्या गुडघ्यामुळे हुकली, आणि आम्हीही त्यांच्याशिवाय गेलो नाही. ती तळी त्या वर्षी दुसऱ्या कॉलेजने केली. गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. सकाळी चहा घेतला, अंगणातल्या चिमण्या मोजल्या आणि खुर्चीतच मान टाकली. मातीला माणूस लोटला होता. भालकी डेपोतले त्यांच्या वेळचे चार-पाच जण आले होते. मी रडत होते आणि लक्षात आलं, की माझं बोट हलतंय. मी माणसं मोजत होते. मला माझी लाज वाटली, आणि अण्णांना ती वाटली नसती हेही कळत होतं.

तेराव्याला आक्कांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. शिट्टी आणि वह्या. "तुमच्या पाखरांचं हाय. आमाला काय समजतंय त्यातलं." मी घरी येऊन त्या दिवसाचं वेबिल शोधलं. आदल्या दिवशीचं पान अपुरं सोडलेलं होतं. त्याखाली दुसऱ्या सकाळची नोंद होती, त्यांच्या तिरक्या, गाडीत लिहून लिहून बनलेल्या अक्षरात.

'वरचं तळं. सकाळी सहा दहा. चक्रवाक. बसलेले १. उभे १ (स्वता). एकूण २. शेरा: ती वरडायची थांबली.'

मी ते पान कितीतरी वेळ धरून बसले. आयुष्यभर ज्याने स्वतःला एकदाही मोजलं नाही, तो माणूस तिथे खडकाशेजारी पहाटेपासून उभा राहिला होता, आणि त्याने स्वतःला चक्रवाकांत धरलं होतं. कचेरीतल्या नोंदीत त्या वर्षी वरच्या तळ्यावर दोन चक्रवाक आहेत. त्यांतला एक खटकचिंचोळीचा निवृत्त कंडक्टर आहे. मी शास्त्राची प्राध्यापक आहे, मुलींना आकड्याशी खोटं बोलू नये म्हणून शिकवते. ती दुरुस्ती रद्द करायला मला कचेरीत जायला हवं होतं. मी गेले नाही आणि जाणारही नाही.

या हिवाळ्यात तळी पुन्हा आमच्याकडे आली. पाच नव्या मुली, मी आणि गफूरभाई. खडक मोकळा होता. मी शून्य लिहिलं. पिल्लं एकेक पूर्ण धरली. दुपारी तीनला सगळं आवरून जीपपाशी आलो. मुली चढल्या, मी चढले. गफूरभाईंनी आरसा नीट केला आणि हळूच विचारलं, "मॅडम, गिन लिए क्या?"

मी मोजलं. पाच मुली आणि मी. सहा.

दरवर्षी सहाच व्हायचे. अण्णा असताना सहा, आता नसतानाही सहा. आकडा चोख जुळला होता. मुली माझ्याकडे बघत होत्या, गफूरभाईंनी चावी फिरवली.

"थांबा," मी म्हटलं.

खाली उतरून मागच्या पायरीपाशी गेले. अण्णांची वही उघडली, नवं पान काढलं आणि जीपच्या दारावर टेकवून लिहिलं: बसलेले सहा, उभा एक. एकूण सात.

"सात कोन जी?" गफूरभाईंनी आरशातून विचारलं. मग त्यांची नजर मागच्या पायरीवरच्या दांड्याकडे गेली.

मी शिट्टी तोंडाला लावली आणि दोनदा वाजवली. तळ्यावरचे सगळे पक्षी उडाले. गाडी हलली.